कानानं पास केलेला कागद

माझ्या पप्पांना कागद ऐकू येतो. म्हणजे, यायचा. पहिलं वाक्य मी तीनदा खोडलं आणि शेवटी दोन्ही ठेवली.

सुप्याच्या एमआयडीसीत रंगनाथशेठांचा छापखाना आहे. पप्पा, म्हणजे गिदोन साळवे, तिथं बावीस वर्षं मशीनमन. नवा कागद आला की शेठ आधी पप्पांना हाक मारायचे. पप्पा येणार, हात पँटला पुसणार, गठ्ठ्यातून एक शीट ओढणार, तिचा कोपरा चिमटीत धरून कानाजवळ नेणार आणि मनगटाला एकच झटका देणार. खळ्ळ! डोळे मिटून ऐकणार. मग म्हणणार, "घ्या." नाहीतर, "परत पाठवा, ह्याला सर्दी झालीय." सर्दी म्हणजे कागद ओलसर गोदामात पडून होता. 'घ्या' म्हटलं की त्याच शीटच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहायचं, "आवाज चांगला. गि. सा." खाली तारीख. ती शीट शेठांच्या खणात जायची आणि मग कागद उतरवून घ्यायचे. हा तिथला नियमच.

दर जूनमध्ये माझ्या वह्यांचीही हीच तपासणी. दुकानदार वैतागून म्हणायचा, "साळवे, वह्या घ्यायच्यात का वाजवायच्यात?" पप्पा म्हणायचे, "वाजली तरच टिकती." मला तेव्हा लाज वाटायची. आठवी होईपर्यंत मला सगळ्याचीच लाज वाटायची. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. मग नववीत, जानेवारीत, नगरला विज्ञान प्रदर्शनात माझ्या हातात माईक आला. आठ मिनिटं बोलले, न अडखळता! दुसरा नंबर आला. त्या दिवसापासून माझा हात खालीच येईना. बाइंडिंगच्या रुपालीमावशी म्हणायच्या, "गिदोनभाऊ, एंजलला आता झोपेत पण माईक लागतो बघा."

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते या माईकमुळंच झालं.

मार्चमध्ये आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांची, शंभर वर्षांची स्मरणिका छापायला आली. सहाशे प्रती. त्यात एक आख्खं पान बनुबाईंच्या फोटोचं. आमच्या मंडळीच्या शाळेत मुलींना शिकवणारी पहिली बाई. त्यांचा हा एकच फोटो शिल्लक आहे, जॉन आजोबांच्या घरी भिंतीवर असतो. जॉन आजोबा त्यांचे धाकटे चिरंजीव, आता ब्याऐंशीचे. फोटोत मागं काळीभोर भिंत, अंगावर गडद लुगडं, आणि त्या सगळ्या काळ्यात उजळलेला तो चेहरा. पप्पांनी फोटो पाहून शेठांना सांगितलं होतं, "ह्यो फर्मा मीच छापनार. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नका." फर्मा म्हणजे एका मोठ्या शीटवर एकदम छापायची पानं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी छापखान्यात गेले. संध्याकाळी पप्पांच्या गाडीवर घरी जायचं असतं, म्हणून रोजच जाते. मशीन बंद होतं. टेबलावर छापलेल्या शीटा पसरलेल्या, आणि शेठ, पप्पा, रुपालीमावशी तिघंही खाली वाकून बघत होते. मी मध्येच डोकं घातलं.

बनुबाईंच्या तोंडावर पांढरे ठिपके होते. खसखशीपेक्षाही बारीक, पण काळ्यावर लख्ख दिसत होते. लुगड्यावर, भिंतीवर आणि गालांवर.

"देवी आल्यासारखी दिसती बाई," रुपालीमावशी म्हणाल्या.

"गिदोन, ब्लँकेट धुतोस का न्हाई?" शेठ म्हणाले. ब्लँकेट म्हणजे मशीनमधला रबराचा पत्रा. शाई आधी त्याच्यावर उतरते, मग त्याच्यावरून कागदावर. त्यावर कचरा बसला की तेवढ्या जागी शाई लागत नाही आणि ठिपका पडतो.

"धुतो शेठ."

"कवा?"

"तीनदा झालं. अजून धुतो."

"तीनदा धुतलंस म्हनतोस, तिन्ही टायमाला ठिपके. डोळं तपासून घे की एकदा. चाळिशी होऊन धा वर्षं झाली तुला." शेठ रागानं बोलत नव्हते, त्यामुळं जास्तच वाईट वाटलं. "हे बघ, पुढच्या रविवारी प्रकाशन हाय. येत्या शनवारी दुपारपर्यंत बाईचा चेहरा स्वच्छ निघाला तर ठीक. न्हाईतर पुन्याहून करण येतोय, त्याला मशीनवर उभा करतो. तू कटिंगला जा."

कटिंग म्हणजे कागद कापायचं काम. वाईट काम नाही ते. पण तिथं शाई नसते. पप्पांच्या नखांत मी जन्मल्यापासून काळी शाई बघितलीय. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या दिवशी सुद्धा ती निघत नाही.

घरी जाताना मी गाडीवर मागून ओरडले, "पप्पा, कागदाचंच काही असेल तर?"

"कागदाला काय झालंय?" पप्पा एवढ्या जोरात म्हणाले की पुढच्या टेम्पोवाल्यानं आरशात बघितलं. "कागद चांगला हाय."

मी गप्प बसले. पण आतून नाही.

गुरुवारी पप्पा चहाला गेले तेव्हा मी सेलोटेपची पट्टी काढली आणि बंद मशीनच्या ब्लँकेटवर दाबून उचलली. रुपालीमावशींनी बघितलं. "काय गं, काय चोरतीस?"

"धूळ."

"ने बाई, अजून लागली तर माझ्या घरची पण ने."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या राधाकृष्ण सरांनी शाळेचा मायक्रोस्कोप काढून दिला. पट्टी काचेवर चिकटवून मी डोळा लावला आणि किंचाळलेच. धूळ नव्हती ती! बुडाशिवायची पिंपं होती. दोन्ही तोंडं उघडी, अंगभर चाळणीसारखी भोकं, आणि शाईनं काळी झालेली. शेजारी दोऱ्यासारखे तंतू, पण ते किती बारीक! पिंपाच्या शेजारी तंतू म्हणजे पाण्याच्या टँकरशेजारी दावं.

सरांनी बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. "अगं, ही जलवाहिनी. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर ओढतं, त्या नळीचा तुकडा. धड्यात आहे आपल्या."

"पण कागदावर कशी आली?"

"कागद कशाचा करतात? लाकडाचाच ना? लगदा करताना तंतू एकमेकांत गुंततात, घट्ट बसतात. ही नळी रुंद. नीट कुटली गेली नाही, तर कागदावर नुसती टेकून राहते. वरून चिकट शाई आली, ओढलं, की निघाली."

आणि ती निघून ब्लँकेटवर चिकटते. मग पुढच्या प्रत्येक शीटवर तिथंच ठिपका. ब्लँकेट धुतलं की गेली, पण पुढच्या पन्नास शीटांत दुसरी. म्हणजे पप्पा शंभरदा धुवोत!

मम्मीचा फोन मी दोन दिवस मागून घेतला होता. त्यावरून कागदाच्या एजंटला फोन लावला. आवाज जाड केला. "छापखान्यातून बोलतेय. या खेपेचा कागद कोणत्या लाकडाचा आहे?"

"लाकडाचा? मॅडम, कागद हाय तो."

"हो, पण कोणत्या झाडाचा?"

"आधी निलगिरी असायची. ह्या खेपेला मिलला निलगिरी कमी पडली म्हणून सुबाभूळ जास्त टाकलीय. काय फरक पडतो? पांढरा हाय ना?"

शाळेच्या मागं शेळ्या खातात ती सुबाभूळच. मी एक फांदी तोडली आणि एमआयडीसीच्या कुंपणाजवळची निलगिरीची एक. सरांनी ब्लेडनं दोन्हींचे पातळ काप काढून दिले. माझ्या फांद्यांत तरी सुबाभळीची भोकं मोठी होती, निलगिरीची बारीक. सर म्हणाले, "एवढ्यावरून मोठे निष्कर्ष काढू नकोस. निलगिरीच्या कागदानं सुद्धा हा त्रास होतो. झाड महत्त्वाचं, पण लगदा कसा कुटला ते जास्त महत्त्वाचं." मी मान डोलावली, पण माझं लक्ष नव्हतं. मी मोबाईल भिंगावर धरून फोटो काढत होते. मला समोर माईक दिसत होता.

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर मी धावतच छापखान्यात गेले. गणवेश, घाम, दोन्ही वेण्या सुटलेल्या. पप्पा मशीनपाशी उभे होते. ब्लँकेट धुऊन धुऊन त्यांच्या बोटांची सालं निघालेली. करण आलेला होता, पाठीवर बॅग, कानात बाळी, बिचारा कुठं उभं राहावं ते न कळून दारातच उभा. टेबलावर ताजी शीट. बनुबाईंना अजून देवी.

शेठ म्हणत होते, "मग काय करायचं, गिदोन?"

"थांबा!" मी म्हणाले. "चूक पप्पांची नाहीये!"

आणि मी सुरू झाले. मोबाईल फिरवला, पिंपं दाखवली, जलवाहिन्या सांगितल्या, सुबाभूळ, निलगिरी, एजंट, सगळं. दोन्ही फांद्या टेबलावर ठेवल्या. कटिंगवाले वाल्मिककाका काम थांबवून आले. करणनं बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "व्हय की, पुण्यात आमच्याकडं पण झालतं असं. सुबाभळीचा लॉट हुता." मला तर उडीच मारावीशी वाटली. नगरच्या हॉलमध्ये सुद्धा एवढं शांतपणे कुणी ऐकलं नव्हतं.

पप्पांकडं मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर थांबले असते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

"म्हंजे दोष कागदात," शेठ सावकाश म्हणाले.

"शंभर टक्के!"

शेठ उठले, खण उघडला, वरचीच शीट काढली आणि टेबलावर माझ्या फांद्यांशेजारी ठेवली. कोपऱ्यात पेन्सिलीची अक्षरं होती. आवाज चांगला. गि. सा. तारीख मागच्याच आठवड्याची.

ती शीट मला आठवलीच नव्हती. लहानपणापासून मी ज्याची गोष्ट सगळ्यांना सांगत आले, तेच मला तीन दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं.

मशीनच्या मोटारीचा नुसता घुं आवाज येत होता.

"गिदोन," शेठ म्हणाले, "तुला ठाऊक हुतं?"

पप्पा चिंधीनं एकेक बोट पुसत होते. "बुधवारीच. पयल्या शंभर शीटांत कळलं."

"आन् मी तुला डोळं तपास म्हनलो, तरी गप बसलास?"

"ब्लँकेट धुतलं न्हाई म्हनलात, तर ती चूक एका दिसाची शेठ. कान चुकला म्हनलं तर..." पप्पांनी चिंधी घडी करून खिशात ठेवली. "बावीस वर्षांत किती कागद घ्या म्हनलो मी. किती परत पाठवलं. त्यातलं कुठलं खरं हुतं, आता कुनाला इचारू?"

मी म्हणाले, "पप्पा, आवाजावरून जलवाहिनी कळणं शक्यच नाही, आवाज फक्त..."

"एंजल," रुपालीमावशींनी माझा दंड धरला. "बास."

शेठांनी बराच वेळ कपाळ चोळलं. मग म्हणाले, "गठ्ठे फोडलेत, एजंट परत घेनार न्हाई. दुसरा कागद यायला आठ दिस. ह्याच्यावरच काढावं लागंल. निघंल का?"

करणनं पप्पांकडं बघितलं. पप्पांनी मशीनकडं बघितलं.

"आधी कोरा फिरवू," पप्पा म्हणाले. "शाई न घालता, नुसत्या पान्यावर. जे सुटायचं ते सुटंल. एक दीस वाळू देऊ. मग शाई पातळ करून, निम्म्या चालीनं. दर दोनशे शीटांना धुवायचं. पार जानार न्हाई, पर तोंड वळखू येईल बाईचं."

"मग कर. मशीन तुझ्याकडंच राहू दे." शेठांनी ती शीट उचलली, पुन्हा खणात ठेवली नाही. दुमडून केराच्या डब्याकडं नेली आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत टेबलावर ठेवली. "पर हितनं पुढं कागद तू बघू नको. मी मिलचा तपासनीचा कागद मागवत जाईन. कसं?"

"व्हय," पप्पा म्हणाले.

म्हणजे मी जिंकले होते. पप्पा कटिंगला जाणार नव्हते. तेवढंच तर हवं होतं मला! मग गाडीवर मागं बसल्यावर मला त्यांच्या पाठीला हात लावायची भीती का वाटत होती?

घरी मम्मीला मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "खरं बोललीस," ती म्हणाली. "पण चार माणसांत बोललीस. घरात बोलायचं होतंस आधी."

"घरात विचारलं तर ओरडले ना!"

"मग दुसऱ्यांदा विचारायचं."

पप्पा माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. जेवण वाढलं का, गृहपाठ झाला का, एवढंच बोलायचे. सोमवार ते बुधवार त्यांनी आणि करणनं मिळून तो फर्मा काढला. करण तोवर इथंच राहिला. रुपालीमावशी सांगत होत्या की निम्म्या चालीवर मशीन बैलगाडीसारखं वाजायचं आणि पप्पा दर शीटवर भिंग धरून बसायचे. ठिपके कमी झाले. गेले नाहीत.

रविवारी प्रकाशन झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळ्यांना प्रती वाटल्या. आमच्या पुढच्याच बाकावर जॉन आजोबा होते. त्यांनी थेट आईचं पान काढलं, नाकाजवळ नेलं, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डोळ्याखाली हे काय पांढरं? आईला तिथं काही नव्हतं!"

कुणीतरी "शूः" केलं. मग साक्ष द्यायची वेळ आली. आमच्यात उपासनेत मध्येच ही वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. लोक आजारातून बरं झाल्याचं सांगतात, नोकरी लागल्याचं सांगतात. पप्पांनी आजवर एकदाही साक्ष दिली नव्हती. ते उभे राहिले.

"बनुबाईच्या डोळ्याखाली ठिपका हाय," ते म्हणाले. "तो कागदातला हाय. कागद मी पास केलता. कान लावून. मला वाटलं मला कळतं. मला तीन दिस म्हाईत हुतं आन् मी सांगितलं न्हाई. माझ्या लेकीनं सांगितलं. एवढंच."

मागं दोन पोरी खुदकन हसल्या. कागदाची साक्ष कुणी ऐकलीच नव्हती. पाळकसाहेबांनी जरा वेळानं "आमेन" म्हटलं. मी मान खाली घातली होती. पप्पा माझा अभिमान सांगत होते की मला काही दाखवत होते, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. मी, जिचा हात खाली येत नाही.

उपासना संपल्यावर जॉन आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि प्रत माझ्यापुढं धरली. "तुझे डोळे चांगले दिसतात. बुजव." मी पेन्सिलीच्या टोकानं तो ठिपका हळूच बुजवला. आजोबांनी लांब धरून बघितलं. "आता आई," ते म्हणाले. पप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी बघितलं आणि चपला घालायला गेले.

आता जून आहे, मी दहावीला गेलेय. छापखान्यात कागद येतो तेव्हा शेठ मिलचा तपासणीचा कागद वाचतात, त्यावर आकडे असतात. पप्पा त्या वेळी मशीनच्या पलीकडच्या बाजूला काहीतरी पुसत असतात. मी बघितलंय, तिथं पुसण्यासारखं काही नसतं.

काल वह्या घ्यायला आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं गठ्ठा पुढं केला आणि वाट बघत हसला. पप्पा हात मागं बांधून उभे राहिले.

मी एक वही उघडली आणि मधलं पान त्यांच्यापुढं धरलं. "वाजवा ना."

"तूच बघ. तुला दिसतं."

"मला ऐकू येत नाही पण."

मग त्यांनी हात पँटला पुसले, पानाचा कोपरा चिमटीत धरला, कानाजवळ नेला आणि झटका दिला. खळ्ळ. डोळे मिटले.

"कसाय?"

त्यांनी डोळे उघडले. वही मिटून माझ्या हातात दिली.

"सांगता येत न्हाई," पप्पा म्हणाले. "घे."